जिमचे कपडे घेताना दुकानातच वाकून, बसून पाहावे

ठाण्यातल्या आमच्या घरात जुलै महिन्यात सुती टी-शर्ट वाळायला दोन दिवस लागतात. जिमला जायला लागले त्या पहिल्या पावसाळ्यात मी रोज सकाळी दोरीवरचा दमट शर्ट इस्त्री फिरवून अंगात घालत असे, आणि महिन्याभरातच काखेत व जांघेत गजकर्ण झाल्यामुळे मला त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे लागले. औषध लिहून देण्याआधी त्यांनी विचारले, की व्यायामानंतर घामाच्या कपड्यांत किती वेळ असता? जिममधून परस्पर भाजी आणि दूध घेऊन घरी येईपर्यंत दीड तास सहज जात असे. जिममध्ये बायकांनी काय घालावे, ही चर्चा आपल्याकडे लाज आणि लोक काय म्हणतील यांच्यापलीकडे फारशी जात नाही. त्या दिवसापासून मी मात्र या कपड्यांकडे कामाची वस्तू म्हणून पाहू लागले.

चव्वेचाळिसाव्या वर्षी जिममध्ये पहिल्यांदा गेले ती सलवार-कुर्ता आणि ओढणी घालून. ट्रेडमिलवर चढण्यापूर्वीच ट्रेनर मुलगी म्हणाली, “ताई, ओढणी काढून ठेवा आणि ही क्लिप कपड्याला घट्ट लावा.” ती लाल दोरीची क्लिप म्हणजे तोल गेल्यास पट्टा थांबवणारी सोय असते, हे मला तेव्हा कळले, ती सैल, फडफडणाऱ्या कापडाला लावली तर दोरीला वेळेवर ताण बसत नाही आणि यंत्र चालूच राहते. पुढे डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार वाकून उचलण्याचा व्यायाम, शिकताना बार उचलला तो कुर्त्याच्या घेरासकट, आणि गुडघ्यांशी कापड अडकून मी पुढे झुकले. सुदैवाने वजन कमी होते. सैल कपडा वाईट नसतो, लोंबणारा कपडा वाईट असतो, हा भेद मी तिथे शिकले. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, म्हणूनच आम्ही काष्टा घालायचो.” त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे, शेतात वाकून काम करणाऱ्या बायकांच्या नऊवारीला पाय मोकळे ठेवण्याची आणि पदर कमरेला खोचण्याची सोय होती, आणि ती कोणाला अशोभनीय वाटत नव्हती.

आता कापडाविषयी. सुती कापड पाणी धरून ठेवते. ठरावीक प्रमाणित हवेत कोरडा कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा नुसत्या हवेतून घेतो, तर पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के. म्हणून घाम आल्यावर सुती शर्ट जड होऊन अंगाला चिकटतो, तर ज्याला दुकानदार ‘ड्राय-फिट’ म्हणतात त्या पॉलिस्टरच्या विणीत घाम पृष्ठभागावर पसरून लवकर उडून जातो. माझी बहीण नागपूरला असते आणि मे महिन्यातही सुती टी-शर्टच घालते. तिथल्या कोरड्या हवेत तो बघता बघता वाळतो आणि अंगाला गारवा देतो. आमच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते जमत नाही. पॉलिस्टरचा मोठा दोष म्हणजे वास, कारण घामातला तेलकट अंश त्या धाग्याला धरून बसतो. त्यामुळे घरी आल्याबरोबर कपडे उलटे करून धुवावेत, फॅब्रिक कंडिशनर मुळीच घालू नये (त्याचा थर बसला की कापड घाम पसरवू शकत नाही), आणि सावलीत वाळत घालावेत, कारण कडक उन्हाने इलॅस्टिक लवकर मरते. आतले कपडे मात्र मी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुतीच ठेवले आहेत आणि व्यायाम संपताच बदलते.

खरे तर सगळ्यात जास्त विचार करावा तो स्पोर्ट्स ब्राचा, आणि नेमके त्याविषयीच आपण सर्वांत कमी बोलतो. स्तनांमध्ये त्यांना उचलून धरणारा स्नायू नसतो. त्वचा आणि आतले नाजूक तंतुमय बंध एवढाच त्यांचा आधार. धावताना ते वर-खाली हलतातच, शिवाय आजूबाजूला आणि पुढे-मागेही हलतात. कितीतरी बायका ट्रेडमिल सोडून देतात, आणि त्यामागे दम लागण्यापेक्षा हे दुखणे असते, असे मला मैत्रिणींशी मोकळेपणाने बोलल्यावर कळले. अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये 1977 साली लिसा लिंडाल या धावणाऱ्या बाईने याच त्रासाला कंटाळून पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांच्या मदतीने पहिली मानली जाणारी स्पोर्ट्स ब्रा तयार केली, आणि तिचा पहिला नमुना पुरुष खेळाडू वापरतात ते दोन जॉकस्ट्रॅप एकत्र शिवून केला होता. पुरुषांच्या अवयवाला खेळताना आधार लागतो हे जगाने केव्हाच मान्य केले होते. बायकांसाठी तो विचार त्यांना स्वतःलाच करावा लागला, याचे मला आजही वाईट वाटते.

ब्रा घेताना खांद्यावरच्या पट्ट्यांपेक्षा छातीखालचा पट्टा पाहावा, कारण मुख्य आधार तो देतो. त्याखाली दोन बोटे जेमतेम जावीत, आणि दोन्ही हात वर केले तरी तो जागचा हलू नये. ज्यांचा बांधा भरलेला आहे त्यांनी स्मॉल, मीडियम, लार्ज अशा मापांवर विसंबू नये. छातीखालचा घेर आणि कपचे माप वेगवेगळे दिलेली, दोन्ही बाजूंना स्वतंत्र कप असलेली ब्रा त्यांना अधिक सोसते. पाठीमागे हूक असल्यास नवी असताना सर्वांत सैल हुकावर ती नीट बसली पाहिजे, म्हणजे पुढे ताण गेल्यावर आतले हूक उपयोगी पडतात. चाळिशीनंतर अनेकींचा खांदा आखडतो. त्यांना घामाने चिकटलेली, डोक्यावरून काढायची ब्रा म्हणजे रोजची शिक्षा होते, त्यांनी पुढे चेन असलेली घ्यावी. आणि कपडे बदलण्याच्या खोलीत जागच्या जागी दहा उड्या माराव्यात. बाहेरची विक्रेती वाट पाहत असेल तर पाहू द्यावी.

लेगिंग्ज किंवा ट्रॅक पॅन्ट यांपैकी काय घालावे हा ज्याच्या-त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. लेगिंग्ज घ्यायच्या असतील तर उजेडात, आरशाकडे पाठ करून पूर्ण खाली बसून पाहावे. कापड ताणल्यावर आरपार दिसत असेल किंवा कंबर खाली गुंडाळली जात असेल तर ती परत ठेवावी. दोन पायांच्या मध्ये चौकोनी किंवा पाचरीसारखा जोड असलेला कट चांगला, कारण चार शिवणी एकाच बिंदूवर येऊन तिथे घासत नाहीत. पाळीच्या दिवसांसाठी, किंवा बाळंतपणानंतर उडी मारताना लघवीचा थेंब निघतो अशा मैत्रिणींसाठी, गडद रंगाची एक जोडी असावी. आणि त्या थेंबासाठी कपड्यांवर न थांबता फिजिओथेरपिस्टला जरूर भेटावे, कारण त्यावर व्यायामाने उपाय होतो. वरून मांडीपर्यंतचा टी-शर्ट घालायला मला आजही आवडते. त्यात काही कमीपणा नाही. फक्त डेडलिफ्टच्या दिवशी मी तो कमरेत खोचते.

दागिन्यांचे राहिलेच. अंगठी आणि बांगड्या बार धरताना बोटांना आणि मनगटाला चेपतात, म्हणून त्या घरीच काढून ठेवते. लांब मंगळसूत्र पुल-डाउनच्या, म्हणजे डोक्यावरून खाली ओढायच्या यंत्राच्या, दांड्यात अडकू शकते. ज्यांना ते काढायचे नसते त्यांनी ते टी-शर्टच्या आत घ्यावे किंवा आखूड घालावे. जोडव्यांचा विचार मी कोणालाच करताना पाहिलेला नाही, पण बंद बुटात लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवण्याचा व्यायाम) करताना जोडवे शेजारच्या बोटात रुतते आणि तिथे फोड येतो. मी व्यायामाच्या तासापुरती ती काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवते. बुटांबाबत एवढेच, की धावण्याचे मऊ, जाड तळव्याचे बूट वजन उचलताना डगमगतात. त्या दिवशी सपाट, कडक तळव्याचे बूट घालते.

सध्या माझ्याकडे दोन लेगिंग्ज, तीन टी-शर्ट आणि तीन ब्रा आहेत. आठवड्यातून चार दिवस जाऊनही पावसाळ्यात कोरडा जोड रोज हाताशी असतो. तीनपैकी एका ब्राचा पट्टा आता सर्वांत आतल्या हुकावरही वर सरकू लागला आहे, म्हणून येत्या रविवारी मी नवी घ्यायला जाणार आहे.