टेकडी, मिसळ आणि पगाराची स्लिप

मी म्युच्युअल फंडांची वितरक. माझे बहुतेक गुंतवणूकदार आता सत्तरीच्या घरात आहेत. बँकेतून, एमएसईबीतून, शाळांतून निवृत्त झालेली कोथरूड-कर्वेनगरची मंडळी. फंडाचं स्टेटमेंट ईमेलवर आलं तरी प्रिंट काढून फाइलला लावणारी. यांच्यातलं कोणी गेलं की पैसे नॉमिनीच्या, म्हणजे बहुधा मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर करायचे असतात. ते कागद मीच करून देते. मृत्यूचा दाखला, केवायसी, कॅन्सल चेक, सह्या. आणि पैसे नावावर झाले की पुढच्या महिन्यात ते सगळं एखाद्या अॅपवर गेलेलं असतं. रागावण्यासारखं त्यात काही नाही. मी त्याच्या बाबांच्या ओळखीची, त्याला मी कोण?

तेव्हा पोरांशी ओळख करून घ्यायला हवी, हे उघड होतं. कशी, ते कळत नव्हतं.

आमच्या धंद्यात कार्यक्रम म्हणजे हॉल. फंड कंपनी वक्ता आणि प्रोजेक्टर देते, आपण खुर्च्या आणि बटाटेवडा बघायचा. चक्रवाढीचा तक्ता, महागाईचा तक्ता, शेवटी कॉफी. ज्येष्ठांना हे मनापासून आवडतं, दोन तास बरे जातात. तिशीच्या आतलं मात्र कोणी फिरकत नाही. एका जुन्या गुंतवणूकदारांची मुलगी हिंजवडीत नोकरीला आहे, तिला मी सरळ विचारलं. ती म्हणाली, “काकू, रविवारी सकाळी हॉलमध्ये कोण येणार? आम्ही टेकडीवर असतो.”

मग मीच टेकडीवर गेले. साडेसहाला एआरएआयच्या रस्त्याने वर, वेताळबाबाच्या देवळापर्यंत, खाणीला वळसा घालून खाली, आणि पौड रस्त्यावर मिसळ. तिने आपल्या मैत्रिणींना सांगितलं, मैत्रिणींनी ऑफिसातल्या पोरांना. व्हॉट्सअॅप ग्रुपही तिनेच केला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, आमच्या पिढीला ते झेपणार नाही.

मिसळीच्या बिलावर मी आधी बराच विचार केला होता. एवढ्या पोरांची मिसळ मला काही जड नव्हती. पण अॅम्फीच्या, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेच्या, आचारसंहितेत भेटी आणि आमिषं दाखवून गिऱ्हाईक ओढू नका असं आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी फुकट खाल्लेल्या मिसळीबरोबर फॉर्म येणार, हे या पोरांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून पहिल्या रविवारपासून टीटीएमएम. काउंटरवर ज्याने त्याने आपापलं स्कॅन करायचं. माझ्याकडून आणखी दोन गोष्टी ठरल्या: व्हिजिटिंग कार्ड बरोबर न्यायचं नाही, आणि टेकडीवर कुठल्याही फंडाचं नाव घ्यायचं नाही.

विषय म्हणून मी पगाराची स्लिप निवडली. आकडा कोणाला सांगायचा नाही, हवा तर अंगठ्याने झाकायचा, पण स्लिप मोबाइलवर उघडायची. एवढी शिकलेली पोरं, रोज लाखो ओळींचा कोड बघणारी, आणि स्वतःच्या स्लिपमधली खालची ओळ सोडून काही वाचलेलं नव्हतं. पीएफच्या रकान्यात बऱ्याच जणांचे १,८०० रुपये. बेसिक चाळीस हजार, त्याचे बारा टक्के ४,८०० होतात, मग १,८०० का? कारण कायद्याने पंधरा हजारांचे बारा टक्के पुरतात, आणि पुष्कळ कंपन्या तिथेच थांबतात. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, सीटीसीत (कंपनी सांगते त्या वार्षिक पॅकेजात) धरलेली, बेसिकच्या ४.८१ टक्के. ती हातात यायला साधारणपणे एकाच कंपनीत पाच वर्षं टिकावं लागतं, आणि इथे दुसऱ्या वर्षी सगळे नवी कंपनी आणि नवा लॅपटॉप घेतात. “म्हणजे हा पगार नाहीच!” असं एक जण एवढ्या मोठ्याने म्हणाला की शेजारून चाललेले आजोबा थांबून ऐकू लागले. जुन्या कंपनीतला पीएफ तर जवळजवळ प्रत्येकाचाच मागे पडलेला होता. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, नोकरी बदलली तरी एकच असतो, रक्कम ऑनलाइन नव्या खात्यात वळवता येते, हे कळल्यावर काही जणांनी तिथेच पोर्टल उघडलं. पासवर्ड अर्थातच कोणाला आठवत नव्हता.

मला वाटतं, हा विषय चालला कारण त्यात पैसे त्यांचेच होते, आधीच कमावलेले. मी फक्त दाखवत होते. “तुम्ही महिन्याला पाच हजार बाजूला काढा” हे वाक्य ते घरी ऐकतातच.

कधीतरी येणारच होता तो प्रश्न मिसळ खाताना एका मुलाने विचारला. “काकू, तुम्हाला यात काय मिळतं?” मी सांगितलं. मी वितरक, रेग्युलर प्लॅन देते, त्यात माझं कमिशन धरलेलं असतं. जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅनही असतो, त्यात मधला माणूस नाही, म्हणून खर्च कमी. इक्विटी फंडात फरक बहुधा अर्धा ते एक टक्का. दहा लाखांवर पाऊण टक्का म्हणजे वर्षाला साडेसात हजार. वेगळं बिल येत नाही, फंडाच्या खर्चातून जातात, म्हणून डोळ्यांना दिसत नाहीत. ज्याला स्वतः बघायची आवड आहे त्याने खुशाल डायरेक्ट घ्यावं, हे माझं मत मी तिथेही सांगितलं. “मग तुमचं काम काय?” पुढचा प्रश्न. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स सव्वीस हजारांच्या खाली गेला, तेव्हा एक गृहस्थ रोज फोन करून सगळं विकायला सांगत होते. मी रोज म्हणायचे, उद्यापर्यंत थांबा. माझा पाऊण टक्का त्या फोनांचा. मुलगा काही बोलला नाही. तो अजून डायरेक्टमध्येच आहे, आणि रविवारी येतोही.

पुढे ऑप्शनचा, म्हणजे शेअरच्या भावाच्या चढउतारावर लावलेल्या सौद्यांचा, विषय त्यांनीच काढला. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास मला तोंडपाठ होता: तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमधल्या (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) शंभरातल्या ९३ वैयक्तिक ट्रेडरना तोटा, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. मला वाटलं, पोरं गंभीर होतील. एक जण म्हणाला, “म्हणजे सात जण तरी जिंकतात ना!” सगळे हसले, मीही हसले. खाली उतरताना तोच मागे रेंगाळला आणि त्याने स्वतःचा आकडा सांगितला. त्यात क्रेडिट कार्डाचे पैसेही होते, आणि तो दर महिन्याला नुसता मिनिमम ड्यू भरत होता. व्याज महिन्याला साडेतीन टक्के. गुंतवणूक राहू दे, आधी कमी व्याजाचं पर्सनल लोन काढून कार्ड मिटव, असं मी त्याला सांगितलं. लोन काढायला सांगणारी बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी.

हे तो आईबाबांसमोर कधीच बोलला नसता. पालकांना यायचं असतं, मला फोन येतात, “आम्हीही येऊ का, तेवढंच चालणं होईल.” मी नाही म्हणते. पावसाळ्यात टेकडी निसरडी झाली म्हणून आम्ही एका सोसायटीच्या गच्चीवरच्या शेडमध्ये जमलो होतो, तेव्हा एकाचे वडील भजी घेऊन आले आणि बसले. भजी उत्तम होती. त्या दिवशी कोणी एक प्रश्न विचारला नाही.

धंद्याचं म्हणाल तर एसआयपीने, म्हणजे दरमहाच्या ठरावीक गुंतवणुकीने, घर चालत नाही. यातल्या काहींनी माझ्याकडे दोन-तीन हजारांच्या सुरू केल्या आहेत. तीन हजारांच्या एसआयपीवर पहिल्या वर्षी मला मिळतात ते दीडशे रुपयांच्या आसपास. माझे समव्यवसायी एवढं ऐकून फोन ठेवतात.

काम आलं ते दुसऱ्याच दारानं. नॉमिनीचा विषय एकदा निघाला, आणि नंतरच्या आठवड्यांत पोरं घरातल्या फायली घेऊन ऑफिसात येऊ लागली. बाबांचे बंद पडलेल्या ईमेलवरचे फोलिओ, म्हणजे फंडातली खाती, आईचं लग्नाआधीचं नाव असलेलं खातं, आजोबांचे कागदी शेअर. विसरलेल्या फंडांसाठी ‘मित्रा’, बँकांतल्या बेवारस ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’, दोन्ही पोर्टलवर आम्ही शोधत बसतो. वडील जिवंत असताना, ते शेजारच्या खुर्चीत बसलेले असताना हे होतं. सही जुळत नसेल तर ते स्वतः बँकेत जाऊन येतात.

मध्यंतरी एका फंड कंपनीच्या पोऱ्याला याचा वास लागला. टी-शर्ट देतो, बॅनर लावतो, ड्रोनने शूट करतो म्हणाला. मी म्हटलं, टी-शर्ट नको, साडेसहाला ये. आला. वर पोचेपर्यंत त्याला धाप लागली, आणि मग त्याने स्वतःचीच स्लिप उघडली. त्याचाही पीएफ १,८००.