आधी नऊने भागून बघा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न थोड्याफार फरकानं एकच असतो: "ती कृतज्ञतेची वही वगैरे लिहून माणूस खरंच बदलतो का? की चार दिवस बरं वाटतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न?" मला पूर्वीपासून ओळखणारे जरा वेगळं विचारतात. "तुमचा तो तापटपणा गेला कुठे?"

गेला नाही. कमी झाला. आणि त्यात वहीचा हात आहे, पण वही सांगितली तशी लिहिली तेव्हा नाही.

मी हिशेबनीस. आयुष्य जमा-नावे करण्यात गेलं. चूक हुडकण्यात मी पटाईत होते आणि ती चारचौघांत दाखवण्यात त्याहून पटाईत. "एवढंही येत नाही?" हे माझं पालुपद. पंचेचाळिशी ओलांडली तशी एक वेगळीच अडचण सुरू झाली. काम जमत होतं, पगार वेळेवर होत होता, पण सकाळी आवरताना वाटायचं, हे सगळं कशासाठी? कुणीतरी म्हणालं, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहून बघ.

लिहिल्या. पहिले चार महिने ती वही म्हणजे नुसता हजेरीपट होता. तब्येत, घर, मुलं. तब्येत, घर, पाऊस. एका रात्री मी चक्क "कालप्रमाणे" असं लिहिलं आणि वही मिटून टाकली.

नंतर वाचनात आलं की माझं एकटीचंच असं झालं नव्हतं. सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा आठवडे लोकांना अशा नोंदी करायला लावल्या होत्या, काहींना आठवड्यातून एकदा, काहींना तीनदा. बरं वाटण्यात वाढ दिसली ती एकदा लिहिणाऱ्यांमध्ये. रोजची गोष्ट अंगवळणी पडते आणि अंगवळणी पडलेलं दिसेनासं होतं. या विषयातला सगळ्यात गाजलेला प्रयोग रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यातल्या पहिल्या भागातही नोंदी आठवड्याच्याच होत्या, दहा आठवडे. कृतज्ञतेच्या नोंदी करणाऱ्यांना त्रासाच्या नोंदी करणाऱ्यांपेक्षा आपलं आयुष्य बरं वाटत होतं, आणि गंमत म्हणजे ते व्यायामही जास्त करत होते. म्हणून मीही आठवड्यावर आले.

पण खरा फरक पडला तो शब्दामुळे. कृतज्ञ म्हणजे 'कृत' जाणणारा. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, ते ज्याला कळतं तो. माझ्या वहीत कुणी काही करतच नव्हतं! घर होतं, पाऊस होता, माणूस नव्हता आणि क्रियापदही नव्हतं. मी नियम बदलला. आठवड्याला एकच नोंद, त्यात एक माणूस हवा, त्यानं केलेली एक कृती हवी, आणि ती करताना त्याचं काय खर्ची पडलं तेही. घटना जुनी असली तरी चालेल.

पहिलीच नोंद तीस वर्षांपूर्वीची निघाली. माझी पहिली नोकरी, वय बावीस, वर्षअखेर. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळत नव्हती. फरक 360. संध्याकाळपासून मी एकेक नोंद पडताळत बसले होते आणि रडायच्या बेतात होते. सगळे गेले. आमचे वरिष्ठ, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, तेही बॅग उचलून निघाले होते. माझ्या टेबलापाशी थांबले, फरक विचारला आणि म्हणाले, "आधी नऊने भागून बघ."

भागलं. चाळीस. बाकी शून्य.

"मग कुठंतरी आकड्यांची अदलाबदल झालीये. शोध."

(दोन आकड्यांची जागा बदलली की येणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. शून्य कमी-जास्त पडलं तरी तसंच होतं, म्हणून नऊनं भागलं गेलं म्हणजे सगळं सापडलं असं नाही. पण शोधायला दिशा मिळते.) त्यांनी बॅग खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि बसून राहिले. स्वतः शोधलं नाही. पाऊण तासानं मला सापडलं, 5841 च्या जागी मी 5481 लिहिलं होतं. ते "हं" म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी कुणालाही काही बोलले नाहीत.

त्यांचं काय खर्ची पडलं? एक तास, आणि मला नावं ठेवायची आयती आलेली संधी.

वर्षभरात पन्नासेक नोंदी झाल्या. एका सुट्टीच्या दिवशी सवयीप्रमाणे मी त्यांची खातेवार विभागणी करायला बसले. आर्थिक मदत, आजारपणातली सोबत, शब्द टाकून मिळवून दिलेलं काम, अशी खाती पाडत गेले. निम्म्याहून जास्त नोंदी एकाच खात्यात पडल्या: मला न लाजवता कुणीतरी काहीतरी शिकवलं. पोहणं, गाडी, परक्या भाषेतलं पत्र, बाळाला आंघोळ घालणं. शिकवणारे वेगळे, काळ वेगळा, पण खातं तेच. मला आयुष्यात सगळ्यात मोलाचं काय वाटतं ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. ते तिथं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. "जगण्याचं उद्दिष्ट" वगैरे मोठे शब्द मला झेपत नाहीत, पण ते सापडतं म्हणतात तर मला असं सापडलं.

त्याच खात्याची दुसरी बाजू मात्र कोरी होती. मी कुणाला न लाजवता शिकवलं? बराच वेळ पेन हातात धरून बसले. एकही नाव आठवेना.

मी सरांना पत्र लिहिलं. पाठवायला तीन आठवडे घेतले, कारण आता इतक्या वर्षांनी हे विचित्र दिसेल असं वाटत होतं. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी 2018 साली हेच मोजून दाखवलं आहे. आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं की वाचणारा अवघडेल. तो अंदाजापेक्षा कमी अवघडतो आणि जास्त सुखावतो. सरांचं उत्तर आलं, चार ओळींचं. ती संध्याकाळ त्यांना अजिबात आठवत नव्हती. नऊचा नियम त्यांना त्यांच्या पहिल्या साहेबांनी शिकवला होता एवढं मात्र त्यांनी आवर्जून लिहिलं होतं.

म्हणजे उतराई व्हायची सोयच नाही, ज्यांचं देणं लागते ते घ्यायला तयार नाहीत! आपल्याकडे उपकार म्हटला की फेडणं आलंच, पण ऋणाचं ओझं आणि कृतज्ञता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांच्या 2006 सालच्या अभ्यासात, मदत करणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा जितकी जास्त, तितकी मदत घेणाऱ्याची कृतज्ञता कमी आणि ओझं जास्त, असं दिसलं. सरांची अपेक्षा शून्य होती, म्हणूनच बहुधा ती नोंद तीस वर्षं टिकली.

आता बदलाबद्दल. तो कसा टिकला, हे तुम्ही सगळे शेवटी विचारताच. "मी चांगली वागेन" असले संकल्प मी केले नाहीत, ते माझ्यात दुपारपर्यंत टिकत नाहीत. कुणी चूक घेऊन आलं की माझ्या तोंडचं पहिलं वाक्य ठरवून टाकलं: "दाखव, बघू." बस. टेबलावर एका चिठ्ठीवर नुसता ९ लिहून ठेवला. सवय पक्की व्हायला किती दिवस लागतात यावर फिलिपा लॅली यांचा लंडनमधला अभ्यास आहे. त्यात मधला आकडा 66 दिवसांचा आला, पण माणसामाणसांत अंतर 18 पासून 254 दिवसांपर्यंत. मी 254 च्या बाजूची. मधे दोनदा जुनं पालुपद तोंडून गेलंच. तरी आज आठवड्याला दोन तास मी नव्या मुलांना जमाखर्च शिकवते, आणि सकाळी आवरताना तो जुना प्रश्न पडत नाही.

एक सावधगिरी. ही वही औषध नव्हे. असे प्रयोग एकत्र करून तपासलेल्या 2021 सालच्या एका आढाव्यात नैराश्य आणि चिंतेवर यांचा परिणाम दिसला, पण किरकोळ. मन खरंच खचलं असेल तर डॉक्टरकडे जा. आणि वरच्या खुर्चीतून कुणी "नोकरी आहे ना, कृतज्ञ राहा" असं सुनावत असेल, तर तो तुमचं तोंड बंद करतोय. त्याची नोंद वहीत करू नका.

आणखी एक, जे सहसा सांगत नाही. कोऱ्या बाजूकडे बघताना शिकवलेल्यांचं नाव आठवलं नाही, पण एक नाव आठवलं. माझ्या हाताखाली एक मुलगी होती. सगळ्यांसमोर मी तिची एक चूक वाचून दाखवली होती, आकड्यांच्या अदलाबदलीचीच. महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. तिचा पत्ता मिळवून मी तिलाही पत्र लिहिलं. माफी मागितली, कारणं दिली नाहीत. उत्तर आलेलं नाही, आणि ते यायलाच हवं असंही नाही.