नोंदवह्यांतून कंपवाताचे रुग्ण मोजताना : माझा अनुभव

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत कंपवाताचे (पार्किन्सन्सचे) रुग्ण किती असतील, हे घरोघर न फिरता दवाखान्याच्या नोंदींवरून काढायचं, असं ठरलं की सगळ्यात आधी हात जातो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या डेटाकडे. तो नीटनेटका असतो आणि धुळे जिल्हा २०१२ च्या पहिल्या टप्प्यापासून योजनेत आहे. पण ही योजना भरती रुग्णांची आणि कंपवात हा ओपीडीचा आजार. माणूस वर्षानुवर्षं गोळ्यांवर काढतो आणि भरती होतो ते खुब्याचं हाड मोडलं म्हणून, नाहीतर न्यूमोनिया झाला म्हणून. मुख्य निदान फ्रॅक्चरचं, कंपवात असलाच तर खालच्या रकान्यात. म्हणून निदानाचे सगळे रकाने घ्यायचे आणि ओपीडीच्या नोंदी जोडायच्याच.

कोड लावलेले असतील तर आयसीडी-१० (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणा) मधला जी२० हा आपला, म्हणजे कंपवाताचा. जी२१ म्हणजे दुसऱ्या कारणाने, बहुतेकदा औषधांमुळे आलेला. तो वेगळ्या रकान्यात ठेवावा. आपल्याकडे ॲसिडिटीच्या कॅप्सूलमधून लेव्होसल्पिराइड आणि चक्करेसाठी सिनारिझिन महिनोन्‌महिने चालू राहतं. त्याने आलेला ताठरपणा औषध बंद केल्यावर बहुधा ओसरतो. असे रुग्ण जी२० मध्ये मिसळले की आकडा फुगतो. जी२५.० हा नुसत्या कंपाचा, त्याला हात लावू नये.

बहुतेक ओपीडीत कोड नसतोच. तिथे मजकूर शोधावा लागतो आणि खरी गंमत इथे आहे. डॉक्टर केसपेपरवर इंग्रजीत 'पीडी' (पार्किन्सन्स डिसीज) एवढंच लिहितात. एक्सेलमध्ये ही दोन अक्षरं टाकली की ओपीडी, आयपीडी, सीओपीडी असं सगळं वर येतं. सुटा शब्द शोधला तरी पेरिटोनियल डायलिसिसचे (पोटातून होणाऱ्या डायलिसिसचे, तेही 'पीडी'च) रुग्ण उरतात, ते किडनी विभागाच्या नावावरून काढावे लागतात. दुसरा घोळ प्रश्नचिन्हाचा. डॉक्टरांनी शंका म्हणून '? पीडी' लिहिलेलं असतं आणि ऑपरेटर संगणकात भरताना चिन्ह गाळतो. शंकेचं निदान होऊन बसतं! मराठी रजिस्टरात 'हात थरथरणे' सापडतं, 'लकवा'ही सापडतो, पण लकव्याखाली अर्धांगवायूचेच रुग्ण जास्त.

म्हणून एका नोंदीवर कुणालाही धरायचं नाही. आम्ही ठेवलेला नियम असा : वय ४० किंवा जास्त, एका वर्षात दोन नोंदी आणि दोहोंत किमान ३० दिवसांचं अंतर. किंवा एक नोंद आणि लेव्होडोपा-कार्बिडोपा (कंपवाताचं मुख्य औषध) दोनदा दिल्याची औषध खिडकीची नोंद. नुसत्या औषधावर जायचं झालं तर लेव्होडोपाच धरावा. ट्रायहेक्सिफेनिडिल कंपवातात देत असले तरी मुळीच नाही. ती गोळी मनोविकार विभागात हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधाच्या जोडीला सर्रास देतात. ती धरली की स्किझोफ्रेनियाचे रुग्ण कंपवाताच्या यादीत येतात. प्रॅमिपेक्सोल हे कंपवाताचं दुसरं औषधही अस्वस्थ पायांच्या त्रासाला देतात, त्यामुळे तो एकटा पुरत नाही. उलटी बाजूही आहे. खिडकीवर साठा नसला की चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलवर जाते आणि तो रुग्ण सरकारी नोंदीतून गळतो.

नावं जुळवणं हे सगळ्यात वेळखाऊ. जळगावच्या यादीत पाटील, नंदुरबारच्या यादीत वळवी, वसावे, पाडवी, गावित ढिगाने. वय ६०, ६५, ७० असं गोल सांगितलेलं. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, गाव आणि पाच वर्षांच्या फरकात बसणारं वय, या चार गोष्टी जुळल्या तरच एक माणूस धरावा. शिरपूर आणि शिरपुर ऑपरेटरला वेगळी वाटत नसली तरी संगणकाला वाटतात, म्हणून गावांची नावं जनगणनेच्या गावयादीवर आधी बसवून घ्यावीत. जुळणी संपली की नावं काढून फक्त क्रमांक ठेवायचे. आचार समितीची परवानगी या सगळ्याच्या आधी.

मग पडताळणी. यादीतले काही केसपेपर न्यूरॉलॉजिस्टकडून तपासून घ्यायचे. हालचाल मंदावलेली आहे का आणि जोडीला ताठरपणा किंवा विश्रांतीत येणारा कंप आहे का, एवढं तरी लिहिलेलं हवं. समजा यादीत २०० जण, त्यांतले ७० टक्के खरे आणि एकूण खऱ्या रुग्णांपैकी ४० टक्केच यादीत येतात. मग अंदाज २०० × ०.७ ÷ ०.४ = ३५०. ते ४० टक्के काढणं अवघड. त्यासाठी दुसरी स्वतंत्र यादी लागते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन्स आहे, म्हणून जिल्हा रुग्णालयातल्या प्रमाणपत्रांची यादी कामी येते. दोन याद्या आणि त्यांतली सामाईक नावं यांवरून न सापडलेले मोजता येतात. पण दोन्हीकडे पाठवणारा डॉक्टर एकच असला तर सामाईक नावं वाढतात आणि अंदाज कमी येतो.

दर काढताना रुग्णांचा आकडा भागायचा कशाने? २०११ च्या जनगणनेत जळगाव ४२ लाखांवर, धुळे साडेवीस लाख, नंदुरबार साडेसोळा लाख. लोकसंख्या पुढे सरकवून वयोगटांत वाटावी आणि दर वयोगटानुसारच काढावा. मुंबईच्या पारशी वसाहतींतल्या १९८८ च्या अभ्यासात लाखामागे ३२८ रुग्ण निघाले. त्यामागे त्या समाजातल्या वृद्धांचं मोठं प्रमाण होतं. तो आकडा तसाच खानदेशाला लावू नये. मोजणीची तारीखही एकच हवी. मृत्यू नोंदणीशी ताडून त्या दिवशी हयात असलेलेच धरायचे.

नंदुरबारचा आकडा मात्र वेगळा छापावा. नवापूरचा माणूस गाडीत बसून सुरत गाठतो, शहाद्याकडचे इंदूरलाही जातात, धडगाव-अक्कलकुव्यातले ऊसतोडीला गुजरातेत असतात. त्यांचे केसपेपर आपल्या राज्यात नाहीत. तिथे दर कमी दिसला तर तो आजाराचा कमीपणा समजू नये.