अभ्यास की तालीम? इंदुरात मराठी पत्रक लिहिताना

इंदुरातल्या मराठी मंडळाचं पत्रक घरातली वडीलधारी माणसं वाचतात, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली नातवंडं वाचतात आणि पुण्या-नागपूरहून आलेल्या सुनाही वाचतात. अवघड शब्द आला तर कुणीतरी अर्थ विचारतं. फसवतो तो ओळखीचा शब्द, कारण तो कळला असंच प्रत्येकाला वाटतं.

‘नाटकाचा अभ्यास सात वाजता’ हे नातवंडांना बरोबर कळेल, कारण हिंदीत अभ्यास म्हणजे सराव. पुण्याच्या सुनेच्या डोळ्यांपुढे मात्र वह्या-पुस्तकं येतील. नाटकाला तालीम, गाण्याला रियाज आणि लेझीम-ढोलाला सराव लिहावा. नुसतं ‘तालीम’ही पुरत नाही. हिंदीत तिचा अर्थ शिक्षण आणि मराठीत कुस्तीचा आखाडाही होतो, म्हणून ‘नाटकाची तालीम’ असं पुरतं लिहावं.

सूचना हा असाच दुतोंडी शब्द. ‘कार्यक्रमाविषयी सूचना द्याव्यात’ वाचून हिंदी वळणाचा वाचक माहिती कळवतो, बदल सुचवत नाही. अशा ठिकाणी नाम सोडून क्रियापद धरावं: ‘काही बदल सुचवायचे असल्यास कळवा.’ सभेच्या कागदांत घटनेचं ‘संशोधन’ नको, ‘दुरुस्ती’ हवी. ‘आपत्ती असल्यास’ नको, ‘हरकत असल्यास’ हवं; मराठीत आपत्ती म्हणजे पूर किंवा भूकंप. हिंदीत राजीनामा म्हणजे तडजोड, त्यामुळे ‘अध्यक्षपदाचा राजीनामा’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

सगळ्यांत जास्त घोळ आम्ही आणि आपण यांचा. हिंदीतल्या ‘हम’मध्ये दोन्ही सामावतात, म्हणून ‘रविवारी आम्ही मांडूला सहलीला जात आहोत’ असं सहज लिहून होतं. मराठी कानाला त्यातून ऐकू येतं की तुम्हाला बोलावलेलं नाही. इंदुरी हिंदीतला ‘अपन’ इथे उपयोगी पडतो (त्याला गावंढळ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं): जिथे ‘अपन’ बसेल तिथे आपण, एरवी आम्ही. पण आपण हे आदरार्थी ‘तुम्ही’ही असतं. ‘आपण वर्गणी भरावी’ म्हणजे तुम्ही भरा; ‘आपण वर्गणी भरू’ म्हणजे सगळे मिळून. हा फरक क्रियापदाच्या शेवटानेच कळतो. ‘आपण ठरवले आहे’मध्ये तोही कळत नाही, तिथे सरळ ‘कार्यकारिणीने ठरवले आहे’ लिहावं.

निमंत्रण आणि आमंत्रण यांत आज फारसा फरक उरलेला नाही. पाणिनीच्या एका सूत्रात (3.3.161) दोन्ही वेगळे येतात. टीकाकारांच्या मते निमंत्रण टाळता येत नाही, जसं श्राद्धाच्या जेवणाचं. आमंत्रणात येणं न येणं पाहुण्याच्या मर्जीवर. लग्न, मुंज, पूजा यांना निमंत्रण आणि व्याख्यानाला आमंत्रण, इतकं पाळलं तरी पुरे. व्याख्यानाला ‘आग्रहाचे निमंत्रण’ जरा जडच होतं.

निधनाच्या बातमीत बोलताना ‘वारले’, लेखी ‘निधन झाले’. ‘मृत्यू’ दाखल्यावर आणि अपघाताच्या बातमीत शोभतो. ‘देवाज्ञा झाली’ आता जुन्या वळणाचं वाटतं. नावाआधी मराठी मजकुरात कै., हिंदीत स्व.; एकाच पत्रकात दोन्हींची सरमिसळ नको. उठावना (निधनानंतरची शोकसभा) ठेवला असेल तर ‘उठावना’च लिहावं, शेजाऱ्यांना तोच शब्द कळतो. दहावा-तेरावा असेल तर सोबत तारीख आणि वारही द्यावा.

पाठवण्याआधी मजकूर एका आजींना आणि एका शाळकरी मुलाला वाचायला द्यावा. ‘कळलं का?’ असं विचारू नये, दोघंही हो म्हणतील. ‘यात तुम्ही काय करायचं आहे?’ असं विचारावं. उत्तरं निराळी आली तर शब्द बदलावा.

मजकुरात गावाचं नाव ‘इंदूर’. सभागृहाचं नाव मात्र पाटीवर असेल तसंच उतरवावं, मराठीकरण करू नये. रिक्षावाल्याला तेच दाखवायचं असतं.