भाच्याचं पहिलं कोटेशन

माझा भाचा दहावीत गणितात लटकला तेव्हा ताई पार खचली होती, मग कोणीतरी पाबळचा विज्ञान आश्रम सुचवला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात आहे, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला, वर्षभराचा निवासी कोर्स, वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती सगळं स्वतःच्या हाताने करायचं.

मला सगळ्यात भारी वाटलं ते म्हणजे पोरं गावातल्या लोकांची खरी कामं करतात. याच्याकडे एका घराचं गेट आलं, तर अँगल किती फूट लागेल, कटिंगमध्ये किती वाया जाणार, मजुरी किती लावायची, सगळं वहीत मांडून याने कोटेशन काढलं, म्हणजे ज्या गणिताने नापास केलं तेच इथे बरोबर जमलं! गेट बिजागरीपाशी अडकलं, गिऱ्हाईक तोंडावर बोललं, मग परत कापून नीट बसवून दिलं, आणि हे काही फळ्यावर शिकवून येत नाही हो. कितीतरी कॉलेजात प्रोजेक्ट म्हणजे रेडीमेड फाईल विकत आणायची, याचं खरंच वाईट वाटतं.

आता तो गावात फॅब्रिकेशनची कामं घेतो. परवा फोनवर म्हणाला, "मामा, हेल्पर ठेवलाय एक, तोपण दहावी नापास आहे."