पाऊण डोसाची रात्र

शनिवार, दुपार

काल तिसरं इंजेक्शन झालं. पहिल्या शुक्रवारी चौथाई डोस, मग अर्धा, काल पाऊण आणि पुढच्या शुक्रवारी पूर्ण, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम. आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असायची. मी ती आता इंटरफेरॉनच्या, म्हणजे माझ्या एमएस या नसांच्या आजारावरच्या इंजेक्शनच्या, निमित्ताने शिकतोय.

उजवा पाय स्टुलावर आहे. समोर लाल इन्सुलेशन टेपचं रीळ. त्याचं आधी सांगायला हवं.

नाशिकच्या सातपूरला इलेक्ट्रिक पॅनलचं वायरिंग करतो, चौदा वर्षं झाली. पॅनलच्या दारावर तीन फेजचे तीन दिवे असतात, लाल, पिवळा, निळा. दोन वर्षांपूर्वी एकदा लाल दिवा फिका वाटला. बदलला. नवाही फिका. तोही बदलला. शेवटी हेल्परला म्हटलं, स्टोअरवाल्याने काय माल पाठवलाय बघ. तो म्हणाला, दादा, चांगला लालभडक तर आहे. मी एकेक डोळा झाकून पाहिलं तेव्हा कळलं, माल डाव्या डोळ्याचा खराब होता. डोळ्याच्या नसेला सूज. मग एमआरआय, पाठीतून पाणी काढणं, पाच दिवस स्टिरॉइडची सलाइन, आणि एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, हे नाव. आई अजून ‘नसांचं दुखणं’ म्हणते, आणि ते काही चूक नाही.

तेव्हापासून रोज सकाळी आधी एक डोळा झाकून, मग दुसरा, टेप बघतो. उजव्याला लाल, डाव्याला विटकरी. दोन-चार धुण्यांत रंग गेलेल्या साडीसारखी. विटकरी म्हणजे सगळं नेहमीसारखं.

आता काल रात्रीचं. साडेआठला इंजेक्शन फ्रिजबाहेर काढलं, नऊला बायकोने मांडीत दिलं. सिस्टरनी शिकवल्यापासून तिचा हात माझ्या हातापेक्षा स्थिर आहे. सांगितल्याप्रमाणे पॅरासिटामॉल आधीच घेतली होती. पहिल्या दोन शुक्रवारी थोडी कणकण आली आणि दुसऱ्या दुपारपर्यंत गेली, तसंच होईल असं धरून चाललो होतो.

एकच्या सुमारास हुडहुडी भरली. मुलीची परीक्षा, म्हणून ती आणि तिची आई आतल्या खोलीत. माझ्या उशाशी आई. तिने खिडक्या लावल्या आणि ट्रंकेतून आत्याच्या लुगड्यांची गोधडी काढली. ती कमी वाटली म्हणून वर दुसरी. ‘घाम येऊ दे बाळा, घाम आला की ताप उतरतो.’ लहानपणी प्रत्येक तापात हे वाक्य ऐकलंय आणि प्रत्येक वेळी ताप उतरलाय. थर्मामीटर १०२ दाखवत होता. गोधडीत बरं वाटत होतं, हेही कबूल करायला हवं.

तीनला बाथरूमला उठलो. उजवा पाय होता, पण माझा नव्हता. पाऊल उचलेना, अंगठा फरशीवर घासत होता. बाथरूमच्या उंबऱ्याला तो अडकला आणि मी सरळ खाली बसलो. पायाला काय झालं म्हणून मान खाली घातली, तर पाठीच्या कण्यातून करंट गेला. ‘आधी मेन बंद कर, मग हात लाव’ असं पोरांना रोज ओरडून सांगणारा मी. माझा मेन कुठे आहे?

पडलो तिथूनच बायकोला हाक मारली आणि टेप मागितली. तिला वाटलं मला भ्रम झाला. डाव्या डोळ्याला टेप राखाडी दिसली. लाल नाही, विटकरी नाही, राखेसारखी.

तिथेच मनाशी ठरवून टाकलं, एमएसचा अटॅक आलाय, म्हणजे आजाराने नव्याने उचल खाल्लीय. अटॅक येऊ नयेत म्हणून घेतलेल्या औषधानेच आणलाय. उद्यापासून बंद.

बायकोने वाद घातला नाही. दोन्ही गोधड्या ओढून काढल्या, खिडक्या उघडल्या, माठातल्या पाण्यात पंचा पिळून मानेवर ठेवला. ‘अहो, मॅडम काय म्हणाल्या होत्या ते आठवा, ताप चढू द्यायचा नाही.’ आई दारात उभी राहून म्हणाली, ‘मारशील गं त्याला गारठ्याने.’ मग पॅरासिटामॉलची वेळ झाली. घोट घोट पाणी चालू होतंच.

सातला ९९.५. साडेसातला टेप विटकरी. आठला पाऊल उचललं, जड होतं पण उचललं.

दहाला डॉक्टर मॅडमचा फोन लागला. त्यांनी आधी प्रश्नच विचारले. यातलं एखादं लक्षण पूर्वी कधीच नव्हतं असं आहे का? ताप किती होता? लघवीला जळजळ? मी म्हणालो, सगळी जुनीच आहेत. पाय मागच्या वर्षीचा, डोळा त्याच्या आधीचा, मानेतला करंटही जुना. मग म्हणाल्या, हा अटॅक धरायचा नाही. अटॅक म्हणजे लक्षणं निदान २४ तास टिकायला हवीत, आणि तीही ताप किंवा इन्फेक्शन नसताना. खात्रीसाठी लघवी तपासून घ्या. ताप गेल्यावरही पाय तसाच राहिला किंवा काही नवीन सुरू झालं तर थांबायचं नाही, थेट यायचं. इंजेक्शन मात्र स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

तापाने जुनी लक्षणं तेवढ्यापुरती वर येण्याच्या या प्रकाराला उथॉफ या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव आहे. १८९० साली त्याने लिहून ठेवलं की अशा रुग्णांची नजर श्रमाने मंदावते. श्रमापेक्षा अंगातली उष्णता हे खरं कारण, हे नंतर कळलं. नसेवरचं आवरण जिथे झिजलंय, तिथून संदेश आधीच कसाबसा जातो. शरीर अर्ध्या डिग्री सेल्सियसने तापलं तरी तो अडकू शकतो आणि गार झालं की पुन्हा जातो. यात नवी इजा होत नाही. एमआरआय येण्याआधी म्हणे निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवायचे आणि लक्षणं वर येतात का ते बघायचे. आईने काल माझी तीच टेस्ट घेतली, गोधडीत.

मला एमएस समजावणारा प्रत्येक जण वायरच्या इन्सुलेशनचं उदाहरण देतो. मी वायरमन आहे म्हणून जरा जास्तच उत्साहाने. इन्सुलेशन गेलेली वायर मंद होत नाही हो, शॉर्ट होते. त्यापेक्षा तापलेल्या केबलचं उदाहरण जवळचं. तांब्याचा रेझिस्टन्स डिग्री सेल्सियसमागे साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणून गरम जागेतल्या केबलवर आम्ही लोड कमी धरतो. केबल तीच असते. नसेचं गणित यापेक्षा वेगळं आहे हे ठाऊक आहे, पण काल उंबऱ्यात बसलेल्या माणसाला हे कुणी सांगितलं असतं तर तो इतका घाबरला नसता.

सोमवार

लघवीचा रिपोर्ट स्वच्छ. पाय संध्याकाळपर्यंत काठीसारखा ताठ होतो. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीच्या आठवड्यांत या औषधाने ताठरपणा वाढू शकतो. मन फार उदास राहिलं तरी कळवायला सांगितलंय. कालचा रविवार मी भिंतीकडे तोंड करून काढला, हे मात्र फोनवर सांगितलं नाही. बायकोने परत फोन लावून सांगितलं.

बुधवार, रंगपंचमी

दरवर्षी तिवंध्याच्या रहाडीत उडी असते. पेशव्यांच्या काळापासूनचा हौद, वर्षभर बुजवलेला, या एका दिवसासाठी उघडायचा. त्यात उडी मारली की रंग आठवडाभर जात नाही. यंदा मित्राच्या गच्चीवरून पाहिलं, सावलीत, मानेला ओला पंचा. अकरालाच ऊन चटके देत होतं. खाली गर्दीतून कुणीतरी ओरडलं, ‘काय रे, म्हातारा झालास का?’ पंचा हलवून दाखवला. अर्ध्या तासाने डाव्या डोळ्यापुढे धूसर झालं, तेव्हा आत जाऊन पंख्याखाली बसलो आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटांत साफ. घाबरलो नाही म्हणणार नाही, पण फोन केला नाही.

शनिवार

काल पूर्ण डोस. जेवण लवकर, खिडक्या उघड्या, पॅरासिटामॉलच्या वेळा फ्रिजवर चिकटवलेल्या. ताप १००.४ च्या वर गेला नाही. बाथरूमपर्यंत बायकोचा खांदा धरून गेलो. पाऊल घासलं, उंबरा ओलांडला.

दोनच्या सुमारास जाग आली तर आई माठाजवळ पंचा पिळत होती. या आठवड्यात माझ्याशी जेमतेम बोललीय, गोधडीचा अपमान विसरलेली नाही. पंचा मानेवर ठेवला आणि म्हणाली, ‘हे तुमचं उलटं शास्त्र.’ मग लुगड्यांच्या गोधडीची घडी करून माझ्या पायांशी ठेवली. पांघरली नाही. नुसती ठेवली.

सकाळी टेप विटकरी. दुपारी लिव्हरच्या रक्ततपासणीला जायचंय. उपाशी यायची गरज नाही, असं लॅबवाल्याने सांगितलंय, म्हणजे वाटेत मिसळ खाता येईल.