पेंचच्या रात्रींसाठी पॉवर बॉक्स: आतापर्यंतचं काम

पेंच २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, झालं. पण दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढायला रात्रभर वीज लागली, तर आजूबाजूच्या गावांत बहुधा मंडपवाल्याच्या जनरेटरवरच भिस्त. म्हणून या बॉक्सचा नियम एकच: जनरेटर फक्त चार्जरला, चार्जर बॅटरीला आणि बाकी सगळं बॅटरीवर.

बॅटरी १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे २५६ वॅट-अवर. माउंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा स्टँड), कूलिंगचा कॅमेरा, मिनी पीसी आणि ड्यू हीटर (काचेवर दव बसू न देणारी गरम पट्टी) मिळून ५ अँपिअर ओढतात. जनरेटर बसला तरी चार तास निघतात. चार्जर १० अँपिअरचा, त्यामुळे निम्मा करंट बॅटरी भरायला उरतो.

चार्जरच्या आधी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर: २५५ व्होल्टच्या वर किंवा १९० च्या खाली गेलं की तोडतो, परत जोडायला ६० सेकंद. हा सगळ्यात महत्त्वाचा. मोठा जनरेटर थ्री फेज असतो. न्यूट्रलचा स्क्रू ढिला पडला की कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज चढतं, ४०० च्या आसपासही जातं. हॅलोजन नि डीजे दुसऱ्या फेजवर असले, तर ती हलकी फेज नेमकी आपली! नुसत्या एमओव्हीवर (व्होल्टेजचा झटका शोषणारा छोटा पार्ट) विसंबू नका. १४डी४३१के नंबरचा एमओव्ही क्षणभराचा झटका गिळतो, पण ३५० व्होल्ट टिकून राहिलं तर तोच जळतो. तो प्रोटेक्टरनंतर आणि फ्यूजमागेच लावा.

कॉम्प्युटरचा साधा यूपीएस काढून टाकलाय. डीजेचं लोड चढलं-उतरलं की इंजिनची गती हलते. फ्रिक्वेन्सी ५० वरून ४७ हर्ट्झवर आली की यूपीएस बॅटरीवर उडी मारतो, परत येतो, पुन्हा जातो. रिलेची टकटक चालूच, आणि शेवटी बॅटरी रिकामी. स्टॅबिलायझर व्होल्टेज सावरतो, फ्रिक्वेन्सी नाही. स्विच-मोड चार्जर आल्या विजेचं आधी डीसीच करतो. त्याला ४७ काय नि ५२ काय.

बॅटरीपासून माउंटपर्यंत ३ मीटर वायर २.५ स्क्वेअर एमएमची. ५ अँपिअरला जाऊन-येऊन जेमतेम पाव व्होल्ट पडतो, ०.७५ च्या वायरीत पाऊण व्होल्टच्या वर जातो आणि कॅमेऱ्याचा कूलर कुरकुरतो. पॉझिटिव्हला बॅटरीलगतच १० अँपिअरचा फ्यूज.

जनरेटर सुरू झाल्यावर पाच मिनिटं प्लग लावू नका. आधी मीटरवर व्होल्ट आणि हर्ट्झ बघा. मंडपवाल्याला सांगून ठेवा, "भाऊ, बंद कराच्या आधी आवाज देजा." डिझेल संपत आलं की इंजिन धापा टाकतं, व्होल्टेज वर-खाली होतं, त्याआधी प्लग काढलेला बरा.

अजून एक राहिलंय. चार्जर चालू असताना बायस फ्रेममध्ये (उजेड न पडू देता, कमीत कमी एक्स्पोजरचा कोरा फोटो) आडव्या रेघा येतात, बंद केला की जातात. चार्जरच्या डीसी वायरीला फेराइट रिंगमध्ये (विजेतली खरखर अडवणारं कडं) पाच वेढे देऊन बघायचं आहे.